दद्दा परिक्रमेला गेलेत

आमच्या पुढच्या खोलीत भिंतीवर एक रिकामी फ्रेम टांगलेली आहे. काच लख्ख, चौकट पितळी रंगाची, आत नुसता मागचा पुठ्ठा. तिला रोज सकाळी झेंडूचा हार घातला जातो. नवीन माणूस आलं की आधी फ्रेमकडे बघतं, मग हाराकडे, मग माझ्याकडे. मी चहा टाकायला आत पळते. बाहेरून माझ्या सासूबाईंचा, अम्मांचा, आवाज येतो, "ते होय? ते घरी नाहीत."

हे कसं झालं ते एकदा नीट लिहून ठेवायचं आहे. माझी लेक मुनिया आत्ताच झोपलीय. तिची झोप म्हणजे नदीवरचं धुकं, आहे आहे म्हणेपर्यंत विरून जातं. त्यामुळे घराणं, गोत्र सगळं बाजूला ठेवते आणि नवसापासून सुरू करते.

माझी दोन बाळं पोटातच गेली. दुसऱ्या वेळी मला दवाखान्यातून घरी आणलं, त्या संध्याकाळी दद्दा, म्हणजे माझे सासरे, कुणालाही न सांगता घाटावर गेले आणि नर्मदामैयाला बोलून आले, की या घरात पाळणा हलू दे, आम्ही दोघं जोडीनं तुझी परिक्रमा करू. घरी येऊन त्यांनी हे अम्मांना सांगितलं. अम्मा म्हणाल्या, "मला विचारलंत? नवस तुमचा आणि गुडघे माझे!"

मग मुनिया झाली. ती चाळीस दिवसांची असताना, मार्चमधल्या एका सकाळी, अंगणात उन्हाला बसून मटार सोलता सोलता दद्दा गेले. अर्धे सोललेले, अर्धे शेंगांतच. तेराव्यानंतर कुणीतरी त्या टोपलीची आठवण काढली, तेव्हा अम्मा एवढंच म्हणाल्या, "अर्धवट टाकून उठायची सवयच आहे त्यांना."

तर हा नवस अर्धवट राहू द्यायचा नाही, असं अम्मांनी पावसाळाभर मनात धरलं आणि अगहन, म्हणजे मार्गशीर्ष, लागताच जाहीर केलं. गुडघ्यांमुळे पायी नाही, जीपने. माझा नवरा शैलेंद्र याचं बियाण्यांचं दुकान, आणि अगहन म्हणजे गव्हाच्या पेरणीचे दिवस. तो येऊ शकत नव्हता. मुनिया अंगावर पिणारी, म्हणून ती मला सोडून राहणार नाही, आणि जिच्यासाठी नवस तिला सोडून अम्मा जाणार नाहीत. शिवाय नवस जोडीचा, म्हणून दद्दाही येणार. पोस्टकार्डाएवढा फोटो, फ्रेमसकट.

परिक्रमेला निघताना गावातून एक पत्र घ्यावं लागतं, की अमुक माणूस आमच्या गावचा असून परिक्रमेला निघाला आहे. त्यावर पुढे मुक्कामा-मुक्कामाचे शिक्के पडतात. ते पत्र देणाऱ्या कचेरीत आम्ही गेलो. आमच्याकडे परिक्रमावासीयांना माणसं म्हणत नाहीत, मूर्ती म्हणतात. खिडकीतल्या बाबूंनी मान वर न करता विचारलं, "किती मूर्ती?"

"तीन," अम्मा म्हणाल्या, "आणि ही छोटी. अर्धी धरा."

"दोनच दिसताहेत."

अम्मांनी पिशवीतून फ्रेम काढून खिडकीत उभी केली. बाबूंनी चष्मा चढवला.

"माताजी, हे... स्वर्गवासी दिसतात."

"दिसत नाहीत, आहेतच."

"मग यांना पत्र देता येत नाही."

"कुठे लिहिलंय तसं?"

बाबू बिचारे सज्जन. त्यांनी खरोखरच शोधलं. दोन कपाटं उघडली, शेजारच्या टेबलावरच्या साहेबांना विचारलं. मृत माणसानं परिक्रमेला जाऊ नये असं कुठंच लिहिलेलं नव्हतं. मागे रांग वाढत चालली होती आणि मुनियानं माझ्या खांद्यावर दूध ओकलं होतं. शेवटी बाबूंनी तोडगा काढला आणि शेऱ्याच्या रकान्यात वळणदार अक्षरात लिहिलं, 'सोबत एक फोटो.'

बाहेर आल्यावर अम्मांनी ते माझ्याकडून वाचून घेतलं. "सामानात धरलं यांना," त्या म्हणाल्या. "आयुष्यात कुणाला ओझं झाला नाही तो माणूस. सामानात धरलं."

आता सल्ल्यांचं सांगते. आमच्या शेजारच्या पटेरिया चाची दहा वर्षांपूर्वी बसने परिक्रमा करून आल्या आहेत आणि त्यांचं प्रमाणपत्र त्यांच्या देवघरात देवांपेक्षा मोठ्या फ्रेममध्ये आहे. त्या आठ दिवस आमच्याकडेच होत्या म्हटलं तरी चालेल. शेगडी न्या, शेगडीला वारा लागू नये म्हणून पत्रा न्या, पत्र्यानं हात कापतो म्हणून हळद न्या. प्रत्येक वस्तूवर घरचा फोन नंबर लिहा, कारण धर्मशाळेत एकाच्या बादल्या दुसऱ्याकडे जातात. हा सल्ला शैलेंद्रला फार पटला. त्यानं काळी शाई घेऊन बादली, डबे, शेगडी, मुनियाचं पांघरूण, सगळ्यावर माझा मोबाइल नंबर घातला. फ्रेमचा पुठ्ठा काढून फोटोच्या मागेही घातला. अम्मा म्हणाल्या, "बरं केलंस. बाजारात हात सोडला की हरवायचे ते."

पण चाचींचा खरा उपदेश एकच होता. "नाले ओलांडा, ओढे ओलांडा, मैया ओलांडायची नाही! एकदा का पुलावर चाक चढलं की संकल्प मोडला, पुन्हा पहिल्यापासून. आमचा ड्रायव्हर चुकून एका पुलावर शिरला होता. बावन्न माणसं एकदम रडायला लागली. अर्ध्या पुलावरून बस उलटी आणली, मागे उसाचे सात ट्रॅक्टर!"

"म्हणजे अर्ध्या पुलापर्यंत चालतं?" मी विचारलं.

चाचींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी उठून मुनियाचे लंगोट मोजायला लागले.

आमच्या गावच्या सेठाणी घाटावर बाटलीत मैयाचं पाणी भरलं, संकल्प सोडला आणि निघालो. जीप परसराम भैयांची. त्यांनी अशा अकरा परिक्रमा घडवल्या होत्या आणि ते ती संख्या दर मैलाला सांगत. पुढच्या सीटवर खिडकीशी दद्दा, पट्टा लावून. मागे अम्मा, मी, मुनिया, शेगडी आणि शेगडीचा पत्रा. मी एकदाच सुचवलं, की शेगडी पुढे ठेवली तर मला पाय सोडता येतील.

"आणि हे कुठं बसणार?" अम्मांनी विचारलं. "सामानात?"

मैया उजव्या हाताला ठेवून आम्ही पश्चिमेला चाललो. हंडिया गावाशी पलीकडच्या काठावर सिद्धनाथाचं देऊळ उन्हात पिवळं झालं होतं. पाण्यात उतरलेलं त्याचं शिखर मासे कुरतडत असल्यासारखं हलत होतं. अम्मांनी फ्रेम हातात धरून त्या बाजूला वळवली. "बघा. येताना त्या काठानं येऊ तेव्हा आत जाऊ. आत्ता लांबूनच." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "एकेचाळीस वर्षं धुआँधार दाखवतो, धुआँधार दाखवतो म्हणाले. मैयाचाच धबधबा, आपल्या गावाच्या वरच्या अंगाला, सकाळी निघालं तर रात्री परत येता येतं एवढा जवळ. दाखवला का? गल्लीतला नळ फुटला होता तेव्हा म्हणाले, हा घे तुझा धुआँधार."

तिथल्या अन्नक्षेत्रात वाढप्यानं विचारलं, "किती मूर्ती?" अम्मा म्हणाल्या, "चार." चार पत्रावळी पडल्या. अम्मा, मी, परसराम भैया आणि दद्दा. वाढप्या फोटोकडे बघून थबकला, पण त्यानं खिचडी वाढली, वर तुपाची धारही सोडली. जेवण झालं की अम्मा दद्दांची पत्रावळ माझ्याकडे सरकवायच्या. "खा. पाजणारीला भूक लागते. त्यांनी टाकलेलं नाही, तुझ्यासाठी ठेवलंय." तीन दिवस मी दद्दांच्या वाटणीचं जेवले. मला माहेरी-सासरी इतकं प्रेमानं कुणी कधी वाढलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ममलेश्वराचं दर्शन झालं. समोर बेटावर ओंकारेश्वर, मधे लोंबता पूल, पुलावर जत्रा. सगळं जग त्या पुलावरून जात होतं आणि आम्ही तिघी अलीकडे बसून दाणे खात होतो. त्या रात्री मुनियाला ताप भरला.

सकाळी मोरटक्क्याला पोचेपर्यंत ती दूध ओढेना. डोळे अर्धे मिटलेले, मान माझ्या दंडावर टाकलेली. दोन वेळा मी माझ्या हातात काहीच न घेता दवाखान्यातून घरी आलेली बाई आहे. मला तेव्हा कुठली नदी दिसत नव्हती, कुठला काठ दिसत नव्हता. मी फक्त विचारत होते, डॉक्टर कुठे?

अलीकडच्या काठावर सनावदचे मुलांचे डॉक्टर भाच्याच्या लग्नाला गेलेले. खंडवा दोन तासांवर. आणि पलीकडे, पूल ओलांडला की बडवाह, तिथं मुलांचा दवाखाना, पंधरा मिनिटं.

पुलाच्या तोंडाशी चहाचं दुकान होतं, तिथं जीप थांबली आणि सभा भरली. मी शैलेंद्रला स्पीकरवर फोन लावला, तर चाचींनी त्याच्या हातातून फोन घेतला.

"बहू, घाबरू नको. पाण्याची बाटली अलीकडे ठेव, म्हणजे संकल्प अलीकडे राहिला."

दुकानदार म्हणाला, "बाटलीचा काय संबंध? संकल्प माणसाचा असतो."

"डोळे मिटून जा म्हणावं," एक ट्रकवाला म्हणाला. "बघितलं नाही तर ओलांडलं कसं?"

"पोरीनं कुठे संकल्प घेतलाय?" फोनमधून चाची. "तिला परसरामबरोबर धाडा, तुम्ही दोघी थांबा."

"आणि पाजणार कोण, परसराम भैया?" मी ओरडले. चाचींवर आवाज चढवण्याची माझी ती पहिलीच वेळ.

अम्मा उठल्या. "परसराम, गाडी काढ."

"अम्मा, मोडेल हो. अकरा परिक्रमा केल्या, एकही..."

"जिच्यासाठी नवस बोललो होतो तिलाच काठावर निजवून कुणाभोवती फिरू? काढ गाडी."

मग त्या थबकल्या. पुढचं दार उघडून त्यांनी दद्दांचा पट्टा सोडला. दुकानाच्या बाकावर एक पायी परिक्रमावासी बसले होते. पांढरी दाढी, खांद्यावर झोळी, हातात काठी. मघापासून निर्णय न देणारे ते एकटेच. त्यांचं नाव धन्नालाल बाबा, हे आम्हाला फार नंतर कळलं. अम्मांनी फ्रेम आणि बाटली त्यांच्या मांडीवर ठेवली.

"बाबाजी, जरा यांना धरा. आमचं मोडतंय, यांचं कशाला मोडू? आलोच आम्ही."

पुलावर अम्मांनी डोळे मिटले नाहीत. दोन्ही बाजूंनी नीट बघत होत्या, सावकाराच्या दारावरून जाताना मान वर करून जावं तशा.

डॉक्टरांनी मुनियाला तपासलं. सर्दीचा ताप, कान दुखतोय, औषधानं दोन दिवसांत उतरेल, पण ताप खाली येईपर्यंत इथंच थांबा. "आणि हे बघितलंत का?" त्यांनी तिचा खालचा ओठ अलगद ओढला. "दात येतोय."

अम्मांनी बोट फिरवून पाहिलं. "तांदळाच्या कणीएवढा," त्या म्हणाल्या आणि हसल्या. मग बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. दुपारपर्यंत मुनियानं दूध ओढायला सुरुवात केली. मी दारातून ते सांगायला गेले, तर अम्मा मांडीवर रिकामे हात ठेवून बसलेल्या. चार दिवस, जीपमधून उतरलं की त्या हातांत फ्रेम असायची.

आम्ही परत मोरटक्क्याला आलो तेव्हा चार वाजून गेले होते. बाकावर कुणी नव्हतं. दुकानदारानं बरणीमागून फ्रेम काढून दिली. काच होती, चौकट होती. दद्दा नव्हते.

"बाबांनी दोनपर्यंत वाट पाहिली. पुढचा मुक्काम दोन कोसांवर, उजेडात पोचायचं होतं. म्हणाले, माईचं मोडलं, पण दद्दांनी पाऊल ओलांडलेलं नाही, त्यांना का अडवायचं? काच जड पडते, वाटेत फुटेल. म्हणून नुसता फोटो घेतला. आणि बाटली."

माझ्या आयुष्यात मला शरम अनेकदा वाटली आहे, पण सासऱ्यांना घेऊन निघावं आणि त्यांची चौकट घेऊन परतावं, याला तोड नाही. आम्ही जीप पिटाळली. पण पायवाट काठाकाठानं शेतांतून जाते आणि जीप डांबरावरून. दर गावात परसराम भैया विचारायचे, "पांढऱ्या दाढीचे बाबा पाहिले?" आणि लोक विचारायचे, "कोणते?" त्या काठावर पांढऱ्या दाढीचे बाबा मोजायला बसलं तर पेरणी राहील.

शेवटी मीच हट्टानं पोलीस चौकीत शिरले. हवालदारानं वही उघडली.

"काय हरवलं?"

"सासरे."

"वय?"

"बहात्तर."

"उंची?"

मी हातानं दाखवली. पोस्टकार्डाएवढी.

त्यानं पेन खाली ठेवलं. "ताई, बेपत्ता कधीपासून?"

"आज सकाळपासून. वारले मार्चमध्ये."

अम्मांनी ते कचेरीचं पत्र पुढे केलं. हवालदारानं शेरा वाचला, 'सोबत एक फोटो'. त्याचा चेहरा उजळला. "हां, मग नोंद आहे!" पण परत मलूल झाला. "मैयाच्या वाटेवरच नेलंय ना? चोरी तरी कशी म्हणू? लिहू काय?"

अम्मांनी पत्राची घडी घातली. "काही लिहू नका. माणूस कामाला निघालाय, परत कशाला बोलवायचं?"

घरी आल्यावर अम्मांनी रिकामी फ्रेम त्याच खिळ्यावर टांगली आणि दुसऱ्या सकाळी तिला हार घातला. पटेरिया चाची आल्या, बसल्या, पाहिलं.

"परिक्रमा?"

"माझी मोडली. यांची चालू आहे."

चाचींना पुलावरून उलटी आणलेली आपली बस तेवढ्यापुरती फार लहान वाटली असावी.

पण चालू होती की नाही, कुणाला ठाऊक? अम्मा दिवसातून चारदा माझा फोन उचलून बघायच्या. मी मनात म्हणायचे, अडगळीत टाकला असेल फोटो कुठल्या धर्मशाळेत, बाबा विसरले असतील. पाळणा माझा हलला आणि त्यापायी अम्मांनी नवस घालवला, दद्दाही घालवले. मुनियाला पाजताना तिच्या तोंडातली ती कणी मला टोचायची, तेव्हा हेच आठवायचं.

बाराव्या दिवशी अनोळखी नंबरावरून फोन आला.

"नर्मदे हर! फोटोच्या मागे हा नंबर आहे. माई आहेत का? सांगा, दोन मूर्ती बडवानीच्या अलीकडे सुखरूप."

अम्मांनी फोन दोन्ही हातांनी धरला. "दोन?"

"दोनच की. मी आणि दद्दा. मुक्कामावर विचारतात किती मूर्ती, मी दोन सांगतो. दोघांचं वाढून घेतो."

"जेवतात?"

"त्यांच्या वाटणीचं मी जेवतो."

अम्मांनी माझ्याकडे पाहिलं. मी पदर तोंडाला लावून आत गेले.

तेव्हापासून फोन येत राहिले, दर वेळी कुणाच्या तरी उसन्या मोबाइलवरून. शूलपाणीच्या झाडीत वाट चढाची होती, दद्दांनी तक्रार केली नाही. समुद्र लागला तिथं होडीतून पलीकडे जायचं होतं, लाटा उसळत होत्या, बाबांनी दद्दांना झोळीतून काढून छातीशी बांधलं. मग काठ बदलला. महेश्वरला सहस्रधारा. खडकांतून मैया हजार ठिकाणी फुटून वाहते, तिथं अर्धा तास बसवलं.

"बघून काही म्हणाले?" अम्मांनी विचारलं.

"दद्दा? फारसे बोलत नाहीत."

"पहिल्यापासून तसेच," अम्मा म्हणाल्या आणि समाधानानं फोन ठेवला.

चैत्रात एका दुपारी फोन आला. बाबा बुधनीच्या घाटावर होते. म्हणजे आमच्या अगदी समोर, फक्त मधे मैया. शैलेंद्रनं लगेच चावी घेतली. "अम्मा, चल. पुलावरून वीस मिनिटं."

अम्मांनी चपला घातल्या, उंबऱ्यापर्यंत गेल्या आणि थांबल्या. "मी नाही येत पलीकडे."

"अम्मा, तुझं तर मोडलंय. तुला ओलांडायला काय हरकत?"

"मला बघितलं की तिथंच बसतील ते. म्हणतील, झालं, चल घरी. त्या माणसाला मी ओळखते. अर्धी राहिलीय अजून."

मग आम्ही सेठाणी घाटावर गेलो, अलीकडेच. उन्हं कलली होती. मुनिया नुकती पावलं टाकायला लागली होती, माझं बोट धरून ती एकेक पायरी मोठ्या विचारपूर्वक उतरत होती. शैलेंद्रनं त्या उसन्या मोबाइलवर फोन लावून सांगितलं, बाबा, जरा वर धरा.

पलीकडे घाटावर माणसं म्हणजे नुसते ठिपके. कुठलं काय कळणार? मी डोळे ताणून पाहिलं. एका ठिपक्यानं हात वर केल्यासारखा वाटला. वाटला एवढंच, त्यातलं पोस्टकार्ड मला दिसलं असं मी खोटं लिहिणार नाही.

"दिसले," अम्मा म्हणाल्या. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. त्यांनी पदर डोक्यावरून सारखा केला, केस आत सारले. "वाळलेत."

मुनियानं बघून बघून समोरच्या काठाला हात हलवला, ती हल्ली कशालाही हलवते. अम्मा दोन पायऱ्या खाली उतरल्या. पाणी त्यांच्या पावलांना लागलं. तिथून त्यांनी तोंडाशी हात धरला आणि एवढ्या रुंद नदीपलीकडे आवाज जाणार नाही हे ठाऊक असूनही, शेजारच्या गल्लीत हाक मारावी तसं ओरडल्या,

"आता धुआँधार लागेल! ऐकलंत का? कडेला फार जाऊ नका, पाय घसरतो तुमचा!"